काकवीची डुकरं

एफ्राइन साल्तियोचा.
आमच्या अंबडच्या टूलरूममध्ये सहा महिने
प्रेस बसवायला आलेला.
त्याला मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश,
इंग्रजी दोघांचंही कामापुरतं:
वर, खाली, थांब, अजून एक दशांश.

जानेवारीत माझ्या डब्यात गूळपोळी होती.
त्याने तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले,
आणि ड्रॉइंगच्या पाठीवर
पेन्सिलीने एक डुक्कर काढलं.

मी दचकलो.
आमच्या पोळीत असलं काही नसतं
हे हातवाऱ्यांनी सांगता सांगता
जेवणाची सुट्टी संपली.
मग कळलं, बिस्किट. त्याच्या आईचं.
काळ्या गुळाचं, दालचिनीचं,
दर शनिवारी, डुकराच्या आकाराचं.
डुकराचाच का?
त्याने खांदे उडवले. म्हणाला, आई.

तो कागद बारा वर्षं माझ्या फाइलीत.
एकच बाजू दाखवलेली. एकही माप नाही.
खाली साहित्य: मैदा, लोणी, अंडं, सोडा,
आणि गुळापुढे नुसती मूठ काढलेली.
नोकरीत असताना माप नसलेलं ड्रॉइंग
मी आल्या पावली परत पाठवायचो.
हे ठेवून घेतलं.

निवृत्त झालो, पहिला हिवाळा.
तुपाच्या डब्याचा पत्रा कापला,
कानशीने कडा मारल्या,
कान, पाठ, चार पाय,
आणि शेपूट: दोन मिलिमीटर, वळणदार.
शेपटीवर माझा एक आख्खा दिवस गेला.
मंदाकिनी येता जाता बघत होती.
"पेन्शनीत माणसं बागेत जातात," म्हणाली.

काकवी सायखेड्याच्या गुऱ्हाळातली,
खैरनारांच्या मेहुण्याने दिलेली,
बरणीच्या झाकणाला मुंग्या.
अंडं फोडायचं ते बाल्कनीत, हा घरचा कायदा.
म्हणून पाथर्डी फाट्याच्या त्या थंडीत
मी शाल पांघरून अंडं फेटलं
आणि समोरच्या गच्चीवरचा पोरगा
कपडे वाळत घालायचे थांबवून बघत राहिला.

पीठ ऐकेना.
कणीक म्हणावी तर हाताला सोडत नाही,
पाक म्हणावा तर लाटता येतो.
ज्या बोटांनी शतांशाचा फरक ओळखला
ती कोपरापर्यंत चिकट.
मंदाकिनीने न बोलता परात ओढली,
थोडा मैदा भुरभुरला, एक मूठ,
झाकून खिडकीत ठेवली रात्रभर.
निफाडकडचा गारठा फुकट मिळतो, म्हणाली,
फ्रिज कशाला.

सकाळी ओव्हन.
सोड्याने माझी सगळी मापं मोडली.
डुकरं फुगली, कान गालात गेले,
पाय एकमेकांत.
पण वास!
गुऱ्हाळाच्या कढईवर कुणी
दालचिनीचं झाड मोडून टाकावं तसा,
जिन्यातून खाली उतरला, दुसऱ्या मजल्यावर थांबला,
खैरनार वहिनींना घेऊन वर आला.

त्यांनी एक हातात धरलं, उलटंसुलटं केलं.
"उंदीर ना? आज चतुर्थी आहे म्हणून?"
मी गप्प.
मृण्मयी म्हणाली, पाणघोडा.
तिचा बाप म्हणाला, बाबा, रणगाडा केलाय का?
मंदाकिनीने चहाचा कप खाली ठेवला.
"डुक्कर आहे ते. यांच्या मित्राच्या आईचं.
फारच वाटलं तर वराहावतार समजा
आणि चहात बुडवा."

वहिनी उपास सुटल्यावर खाईन म्हणाल्या
आणि चार, रुमालात बांधून, घेऊन गेल्या.
अंड्याचं कुणीच काही बोललं नाही.
मी तोंड उघडलं होतं,
मंदाकिनीने डोळे वटारले,
मग धावत जाऊन तिनेच जिन्यात सांगितलं.
वरून ऐकू आलं: "पोरं खातील हो!"

मी ताटातलं सर्वांत बरं डुक्कर निवडलं,
त्याचा फोटो काढून
जुन्या नंबरावर पाठवला.
नंबर असेल की नाही, माणूस असेल की नाही.
दिवसभर एकच टिक.

रात्री अडीचला फोन उजळला.
यंत्राने केलेलं मोडकं मराठी:
"शेपूट पातळ आहे. तो जळतो.
माझी आई तो अंगठा जाड करत होती."

उठून डब्यातली उरलेली पाहिली.
खरंच. एकूण एक शेपूट काळी.

दिवा न लावता
ड्रॉवरमध्ये पक्कड शोधली.