सहावा रकाना

टिळक चौकातून, मंगळवार पेठेतून,
स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून
मी पाच टॉवेल विकत आणले,
पाचही शत्रूंचे.
नाव कुणाला सांगितलं नाही,
तरी एकानं ओळखलंच:
"वड्डेपल्लींची ना तू? घरचे संपले काय?"

संपले नव्हते. संपत नव्हते, हीच तर अडचण.
गोदामात छतापर्यंत हंस छाप,
गठ्ठ्यावर गठ्ठा,
आणि नाना म्हणायचे, मार्केट मंद आहे,
जसा काही मार्केटला ताप आलाय,
दोन दिवसांत उतरेल.

मी वहीत रकाने आखले.
किंमत. वजन. रंग. पाणी किती पितो.
लेबल कुठं शिवलंय, वाचता येतं का.
रद्दीवाल्या इरण्णाचा तराजू मागून आणला.
राजलक्ष्मी चारशे दहा ग्रॅम,
पाकिटावर साडेचारशे.
गुलबहार बादलीत सोडला तर
वरच तरंगत राहिला,
लग्नात रुसलेल्या मामासारखा.
सूर्यकिरणच्या लालनं
अम्माचा पांढरा परकर गुलाबी केला.
तिनं त्याचा निकाल तेलुगूत दिला,
तो वहीत लिहिण्यासारखा नव्हता.

तीस वेळा धुवायचे, असं ठरलेलं.
पण गाव सोलापूर. पाणी पाचव्या दिवशी,
तेही पहाटे तीनला,
नळ आधी खोकतो, मग बोलतो.
एका पाळीत चार धुणी,
पिंप तळाला जाईस्तोवर.
वाळायला मात्र वेळ लागला नाही:
पाचव्याला चिमटा लावेपर्यंत
पहिला पापडासारखा कडक.

नाना रोज वही मागायचे, चष्मा कपाळावर.
दुसऱ्याचं उणं वाचताना
माणूस किती सावकाश वाचतो.
सहावा रकाना कोरा होता.
वर फक्त लिहिलेलं: हंस.
"आपला कशाला धुवायचा?
चाळीस वर्षं विणतोय. मला ठाऊक नाही?"
मग मीही नाही धुतला.
खरं सांगायचं तर
बरंच वाटलं.

शेवटच्या धुण्याला अंगणात सुताच्या लडी वाळत होत्या,
म्हणून गच्चीवर गेले.
समोर कामुनींची गच्ची. गुलबहारवाले.
दोरीवर सहा टॉवेल,
त्यातला चौथा
आपला.
हंसाची मान जराशी फिकटलेली.
आधी मला चोरी पकडल्यासारखं वाटलं,
मग कळेना, चोर कोण.
दोरीखाली त्यांची सून सुगुणा,
काखेत वही.

गल्ली एवढी अरुंद की ओरडावं लागत नाही.
"किती झाली?"
"बत्तीस."
"मग?"
ती थांबली.
धंद्यात असं थांबणं म्हणजे भाव विचारणं.
मीच आधी मोजले:
"तुमचा पाणी पीत नाही."
"माहितीये. मऊ दिसावा म्हणून सासरे औषध जास्त घालतात.
सांगून दमले."
तिनं चिमटा काढला, हंस झटकला,
एक टोक माझ्याकडं धरलं,
जणू मी गिऱ्हाईक.
"रंग धरतो तुमचा. पितोही छान.
पण विसाव्या धुण्याला काठ उसवतो.
शिलाईचा दोरा हलका घेताय तुम्ही."

खाली माग चालू होते, खटाखट, खटाखट,
चाळीस वर्षांची खात्री.
मी आधी पेन्सिलीनं लिहिलं,
मग त्यावरून पेन फिरवलं:
काठ. वीस.

"कुणी सांगितलं?" नानांनी विचारलं.
"गिऱ्हाइकानं."
खोटं नव्हतं ते. तिनं पैसे मोजूनच घेतला होता.

नाना काही बोलले नाहीत.
उठले, गठ्ठ्यातला एक हंस ओढून काढला,
काठ दोन्ही अंगठ्यांत धरला,
आणि बराच वेळ
ताणला नाही.