शेड नंबर चार

सहा हजार चारशे रुपये,
आणि वर पाळकांचे "प्रभू पाहून घेईल".
मी दोन्ही वहीत उतरवले,
दुसरे पेन्सिलने.

इनायतभाईंनी कोंबड्यांची शेड दिली,
नवापूरच्या बाहेर, रंगावलीच्या अंगाला.
लॉट विकून झालेला, पुढची पिल्ले जानेवारीत.
"भाडं नको," म्हणाले, "फक्त वास काढून द्या."

वास निघाला नाही.
चुना मारला, निरगुडी जाळली,
रात्रभर पडदे गुंडाळून ठेवले,
तरी भुशाखालून तो येत राहिला, उबदार, आंबूस.
शेवटी मी नकाशात त्यालाही जागा दिली.
मांडायचा गोठा
आणि नाकाला रुमाल, हे जमत नव्हते.

देखावे अकरा.
एस्तेर कोकणीची मरिया उसाच्या फडात, कोपीत बाळंत झालेली,
योसेफाच्या हाती कोयता,
आणि पूर्वेकडून आलेले तिघे मुकादमाच्या पांढऱ्या कपड्यांत,
त्यांनी भेट आणलीय की उचल, कळत नाही.
शिमोन वसावेने मेलेल्या मोबाइलांतून तारा जुळवलेला.
दोंडाईच्याच्या एका पोराने पाठवली नुसती साडीची झोळी,
आत वजन आहे. कशाचे,
ते त्याने चिठ्ठीत लिहिले नाही.
फोन लावला तर उचलत नव्हता.

भिंती नव्हत्या, जाळी होती.
जाळीला कांद्याच्या गोण्या उसवून शिवल्या,
सुतळी चाळीस रुपयांची.
पक्षी नेण्याचे क्रेट उलटे घातले, झाले चौथरे.
वाटेला काळी ताडपत्री, फाटकी बाजू खाली.
दिव्यांपाशी मात्र वही अडली.
सुपडू वायरमन मान वर करून बराच वेळ उभा.
छताला साखळ्यांवर लटकलेले बल्ब,
पहिल्या आठवड्यात पिल्लांना ऊब देणारे.
"हाई काय कमी शे, भो?"
म्हणाला, आणि चार कड्या सोडल्या.
कोपीवर पिवळा उजेड उतरला,
मरियेच्या मातीच्या कपाळावरची बोटाची खूण दिसली.

दार ठेंगणे.
उंबऱ्यात चुन्याच्या भुकटीचा वाफा,
बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून.
दार वाढवायचे तर गॅसकटर लागणार,
वहीत उरलेले एकशे ऐंशी.
राहिले तसेच.

पहिल्या संध्याकाळी सगळे वाकून आले,
नगरसेवक कमरेला हात लावून,
आणि चुन्यात बुडाल्या चपलांनी
काळ्या ताडपत्रीवर लिहीत गेले, कोण कुठे थांबले.
ताऱ्यापुढे शाळा अख्खी.
झोळीपुढे एकच जोडी,
टाचेकडे जास्त पांढरी.

रूथाबाई मावचींना वाकता येत नाही.
त्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
"तुम्ही जा, मी गाणी ऐकते इथून."
चहा द्यायला मी त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो
आणि दारातून पाहिले.
क्रेट. विटा. वायरींचे वेटोळे.
माणसांचे गुडघे.
अकराच्या अकरा देखावे मी मांडले होते
पाच फूट सात इंचांच्या उभ्या माणसासाठी.
तो माणूस मीच.

रात्री क्रेट काढले.
सगळे जमिनीवर, भुशात.
सुपडूने शिव्या घालत प्रत्येक साखळी पुन्हा सोडली,
आता बल्ब घोट्यापासून दोन हात.
आतल्यांना उकिडवे बसावे लागणार होते.
बसू देत.

सकाळी रूथाबाईंची खुर्ची दारासमोर आणली.
त्यांनी चष्मा पुसला, पदरानेच,
आणि एकेक करीत सगळे पाहिले.
"तारा वाकडा लागलाय," म्हणाल्या.
वाकडाच होता.

जानेवारीत इनायतभाईंचा फोन.
मी वासाची माफी मागायला लागलो,
ते म्हणाले, त्याचे राहू दे,
साखळ्या कुणी मोजून बांधल्या?
पिल्लांना बरोब्बर तेवढीच उंची लागते.