परत

कुडचडे बाजारात, शिंप्याच्या दुकानावर
आमच्या क्लबची खोली. घंटा, हातोडी,
माजी अध्यक्षांचे फोटो, तिघांच्या मिशा सारख्याच.
भाषणांत 'सेवा' इतक्यांदा येते
की पंख्यालाही पाठ झालीय.

मी जिन्याखालच्या कपाटाचा माणूस.
कुबड्या, वॉकर, कमोडची खुर्ची,
दोन चाकखुर्च्या; एकीचं चाक कुरकुरतं.
वहीत लिहितो: नाव, वाडा, नेल्याची तारीख.
अनामत शंभर रुपये. नसले तर नसले.

पियेदादबायनं कुबड्या आणून दिल्या,
स्वतः चालत, काखोटीला मारून.
वर पाच नारळ, आणि उशीर झाला म्हणून माझ्यावरच राग.

पुतू वेळीपाचा मुलगा
रिकामी खुर्ची काकोड्याहून ढकलत आला.
पुसलेली. चाकाला तेल घातलेलं.
मी काही विचारलं नाही,
त्यानं शंभराची नोट घेतली नाही.

वहीत दोघांपुढं एकच शब्द: परत.

शनिवारी सभेत सचिवांनी वाचलं,
"साहित्यवाटप, सत्तावीस." टाळ्या.
मी तेव्हा खाली होतो.
जिन्यात एक बाई, चपला हातात धरून:
"खुर्ची आसा?"

"आसा," म्हटलं.
"कुरकुरत नाही आता."