नाला क्रमांक चार

मंगळवार, सहा चाळीस. पाषाण तलाव.
काटवटे होडी सोडतात, मी दोरीला बांधलेली
काळी-पांढरी तबकडी पाण्यात उतरवते.
एकोणीस सेंटिमीटर.
तिथेच दिसेनाशी झाली.
मागच्या डिसेंबरात बेचाळीस होते,
असं वहीत आहे, माझ्याच अक्षरात.

"छान हिरवंगार झालंय की हो तळं,"
बांधावर फिरायला आलेले एक आजोबा म्हणतात
आणि मोबाईलवर फोटो काढतात.
त्यांचं काय चुकलं?
हिरवं म्हटलं की आपल्याला चुडा आठवतो,
ओटी आठवते, कोवळं पोपटी काहीतरी.
उपाशी तळंच नितळ असतं, हे
कुठल्या तोंडानं सांगायचं या गावात,
जिथे ताटावर हात आडवा धरला
तरी वाढणारा थांबत नाही?

घ्या हो, साबणाचा फेस.
घ्या, सोसायटीच्या लॉनचा युरिया.
एवढंसंच. शिळं नाही, आत्ताचं,
बाराशे फ्लॅटच्या न्हाणीघरांतून गरम गरम.
तळ्याला नको म्हणता येत नाही.
तळ्याला उठून हात धुता येत नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ते देखणे आहेत,
खोटं कशाला बोलू.
बारीक मण्यांचे पुंजके,
प्रत्येकाच्या पोटात हवेचे फुगे,
उन्हाकडे वर वर येणारे.
विष त्यांच्यात आहे की नाही
ते डोळ्यांना कळत नाही, त्याला किट लागतं,
किटला मंजुरी लागते,
आणि मंजुरी एप्रिलपासून कुणाच्या तरी टेबलावर आहे.

काटवट्यांना किट लागत नाही.
पहाटे चिलापी वर येऊन तोंडाची उघडझाप करते,
त्या दिवशी ते जाळं टाकत नाहीत.
"श्वासाला आलेल्याला काय धरायचं," म्हणतात
आणि वल्ह्याला चिकटलेलं हिरवं
गवतावर पुसतात.

दुपारी गाळाची नळी उभी चिरली.
चाळीस सेंटिमीटर काळं लोणी.
मॅडम पेन्सिलीनं दाखवत होत्या:
आज सगळे नाले बंद केले तरी
हा तळचा गाळ कितीतरी वर्षं वाढतच राहील
पाण्याच्या पानात,
आपण घातलं त्यातलंच.
पेन्सिल थांबली तिथे अंदाजे मी शाळेत होते.
त्याच्या वर चार बोटं,
आमची बिल्डिंग.

हे मी वहीत लिहिलं नाही.

घरी आले तर उजव्या बाहीवर डाग,
वाळून निळसर झालेला.
बादली भरली. पावडरचा डबा उघडला.
डब्यावर चमच्याचं चित्र, खाली लिहिलंय, शिगोशीग दोन.
मी एक घेतला.
थोडा झटकला.
मग अर्धा.
आई मागून म्हणाली, अगं, एवढ्यानं काय निघणार आहे

आणि बादली कलंडली तेव्हा
जाळीतून पाणी खाली गेल्याचा तो आवाज
मी ओळखला. पुढच्या मंगळवारी,
नाला क्रमांक चार,
त्याच्याखाली मला बाटली धरायची आहे.