अर्थिंग

दोन्ही सळ्या एकाच लोखंडाच्या हव्यात,
नाहीतर माती स्वतःच बॅटरी होते
आणि आपण आपलीच लबाडी ऐकत बसतो.
हे मला दोनदा फसल्यावर कळलं.

उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान.
बोटांचा वार्निशचा वास जेवतानाही जात नाही.
आठ पायांची एक चिप, नऊ व्होल्टचा सेल,
जुन्या टेपचा हेडफोन, साठ पावलं वायर,
एवढं घेऊन वडणग्याच्या बांधावर
मी आणि दस्तगीरचाचा.

पहिल्यांदा नुसती घरघर.
ही बोर्डाची, म्हटलं, जमिनीची नव्हं.
रात्रीची लाइन, उसाला पाणी,
शिवारात चाळीसएक मोटरी,
त्यातल्या निम्म्या मीच भरलेल्या.
एक जरा बसक्या आवाजाची,
चौगुल्यांची असणार, गौरीच्या सणात घाईत भरलेली.
असं आपलं मी म्हणते.
तारेत सगळ्या सारख्याच घुमतात.

तीनला फीडर गेला.
कानात एवढी जागा झाली
की मी बोलायची थांबले.

आधी तडतड, ओलं सरपण पेटताना होते तशी.
कुठंतरी लांब समुद्रावर वीज पडत असेल,
इथं चांदणं, जोतिबाच्या डोंगरावर एक दिवा.
मग बऱ्याच वेळाने एक शीळ,
वरून खाली सुटत गेलेली,
विहिरीत सोडलेल्या दोरासारखी.
पोहरा पाण्याला लागल्याचं मात्र ऐकू आलं नाही.

चाचांचे कान पस्तीस वर्षांत फाउंड्रीनं खाल्ले.
त्यांनी हेडफोन कानाला लावलाच नाही,
जबड्याच्या हाडावर दाबून धरला.
"भट्टी बंद झाल्यावर," म्हणाले,
"साचा फोडायच्या आधी
गार होणारं लोखंड असंच बोलतंय बघ.
तवा हात लावायचा नसतो."

लहानपणी मला वाटायचं, अर्थिंग म्हणजे
ज्या तारेतून घरात अर्थ येतो ती.
वडील मीठ-कोळसा घालून खड्डा बुजवायचे,
मी काठावर बसून विचारायची,
आता कळायला लागेल का सगळं?
ते हसायचे नाहीत. म्हणायचे,
शॉक बसणार नाही, एवढं नक्की.

पावणेपाचला लाइन आली.
घरघर परत सगळ्यावर पसरली.
मी सळ्या उपटल्या, वायर कोपरावर गुंडाळली,
चाचा अजून हाडाला हेडफोन लावून,
दुसऱ्या टोकाला काहीच नसताना.
मी सांगितलं नाही.

लाइन आल्याबरोबर चौगुल्यांची मोटर जळाली.
ते मला सात वाजता फोनवर कळलं.