चुन्याशिवाय

आंदीजच्या उतारावर
बाँबने नगरपालिका पाडली.
मागची इंकांची भिंत
नुसती धुळीने पांढरी.

मेलितोन गवंडी म्हणतो, चुना नाहीच तिच्यात.
दगडावर दगड घासून घासून बसवलेला,
वरच्याचं पोट खालच्याच्या खळग्यात.
भूकंपात सगळे थोडे हलतात,
मग आपापल्या जागी.

सरकारने सिमेंट पाठवलं, शिपाई पाठवले
आणि एक यादी.
नव्या भिंतीला पहिल्याच हादऱ्यात तडा.
मेलितोन त्यात बोट घालून बघतो:
"घट्ट झाली. फार घट्ट."

यादीत एउलालियाचा थोरला होता,
शेजारच्याने सांगितलेला.

ती अजून मीठ मागायला
त्याच दारात जाते.
तो मोजत नाही,
ओंजळ भरून देतो,
वर बघत नाही.