आडव्या रेघेचं अक्षर

जुन्या लॅपटॉपची एक कळ गेली, तेव्हा मी चालवून घेतलं.
गोल असतं ते आमच्या लिपीत, पोटातून आडवी रेघ गेलेलं,
ओ आणि ए यांच्या मधे कुठेतरी, ओठ पुढे काढून म्हणायचं.
‘दिवस’ लिहिताना दोनदा लागतं. ‘हिवाळा’ लिहितानाही.
कस्टम्सच्या बिलांत मात्र त्याचं फारसं अडत नाही,
म्हणून टाइल्स, टायर, तांब्याच्या नळ्या
सीमेवरून बिनबोभाट आत येत राहिल्या.

पण रात्री त्याच यंत्रावर औषधांचा तक्ता,
आणि ‘आजोबा’ म्हणायला आमच्यात चारच अक्षरं,
त्यातली तीन तीच.
चार महिने तक्त्यात नुसता व होता.
व, सकाळी अर्धी गोळी.
व, जेवणानंतर.
व, रक्तदाब पुन्हा बघणे.

उणे एकतीसच्या शनिवारी, उलानबातरच्या बाजारात,
दाशझेवेगच्या गाळ्यावर आम्ही तिघं.
आजोबांना कुणी बोलावलं नव्हतं. टोपी घालून दारात उभे राहिले, झालं.

पहिला चंदेरी, इतका सडपातळ की त्याला किंमत विचारायचा संकोच वाटावा.
‘बिघडला तर?’
‘बिघडत नाही,’ दाशझेवेग म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.
‘पण बिघडलाच तर?’
‘बीजिंगला जातो. सहा आठवडे.’

दुसऱ्याच्या कळांखाली जांभळे-हिरवे दिवे.
नंदिन त्याच्यासमोरून हलेना.
चालू केला तर पंखा असा घोंगावला
की आजोबा कुठली खिडकी उघडी राहिली ते शोधू लागले.

तिसरा काळा, जाड, गेल्या वर्षीचा,
कोपरे बोथट, शाळेतल्या कपाटासारखा.

म्हातारा मंगोल म्हटला की लोकांना वाटतं, आता घोड्यांवर बोलणार.
आमचे आजोबा सव्वीस वर्षं ट्रॉलीबस चालवत होते.
त्यांनी काळ्याचं झाकण उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं,
बाराव्या खेपेला बिजागरीशी कान नेला.
‘इंजिनाआधी दार जातं,’ म्हणाले,
‘आणि दार गेलं की गाडी डेपोत.’
मग तो पालथा केला. सहा स्क्रू,
कुणाच्याही पेचकसाने निघतील असे साधे.
‘हा उघडतो कोण?’
‘मीच,’ दाशझेवेग म्हणाला, ‘इथेच, वरच्या मजल्यावर.’
या वेळी तो दुसरीकडे बघत नव्हता.

मी तिन्हींवर एकच शब्द लिहून पाहिला.
तिन्हींवर बरोबर उमटला.
तेवढ्याने काही ठरलं नाही.

अठ्ठावीस लाख तुग्रुग.
गान्सुख गोबीत, खाणीवर, चौदा दिवस तिकडे, सात दिवस घरी.
हप्ता त्याच्या रात्रपाळीतून जाणार
आणि माझी बिलं, नंदिनचा गृहपाठ, त्याचा चेहरा
सगळं एकाच झाकणाखाली राहणार.
दिव्यांवरून नजर काढून मी काळ्यावर हात ठेवला.
नंदिन घरापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

‘पोचल्या पोचल्या चालू करू नका,’ त्याने बजावलं होतं,
‘गारठ्यातून आला की आत दव धरतं.’
म्हणून तो टेबलावर, पिशवीतच.
पाहुण्याला आधी चहा, कामाचं नंतर.
आम्ही मिठाचा चहा प्यालो, त्याने नाही.
रुसलेली नंदिनच दर पाच मिनिटांनी हात लावून सांगे,
‘अजून गार आहे.’

संध्याकाळी गान्सुख दिसला, अर्ध्या हसण्यात अडकलेला,
एक डोळा मिटत आलेला.
नंदिनने नव्या यंत्राकडे रागाने पाहिलं.
‘याचा दोष नाही,’ आजोबा म्हणाले,
‘पुढे रस्ता खराब असेल.’

रात्री तक्ता उघडला.
सगळीकडे एकदम बदलता येतं, ठाऊक आहे मला.
एकेक ओळ घेतली.
आजोबा, सकाळी अर्धी गोळी.
आजोबा, जेवणानंतर.
आजोबा, रक्तदाब पुन्हा बघणे.
तो राहिलाच होता.
उठवलं त्यांना, बघितला,
एकशे चाळीस, नव्वद.
लिहून ठेवला.